पांढरी पाच कुठे आहे सांग

लेक पुण्याला हॉस्टेलला गेली तेव्हा तिची गिटार घरीच राहिली, बेडरूमच्या कपाटावर, कव्हरमध्ये. दोन वर्षं तशीच होती. मागच्या दिवाळीत साफसफाई करताना खाली काढली, एक तार तुटली होती, बाकीच्यांना गंज चढला होता, कव्हर उघडून तशीच मांडीवर घेऊन बसले तर परत वर ठेवावीशी वाटेना. नवीन तारांचा सेट आणला, लेकीने व्हिडिओ कॉलवर बसून मला त्या बदलायला शिकवल्या आणि असं माझं ४४व्या वर्षी गिटार सुरू झालं.

आधी सगळे शिकतात तसंच शिकले. सी, जी, ए मायनर, डी असे चार पाच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सुरांचे गट, बोटं दुखली, घट्टे पडले, मग दुखायची थांबली. दोन तीन महिन्यांत साधी गाणी कॉर्डवर वाजायला लागली. बोटं कुठे ठेवायची ते माहीत होतं पण बोटाखाली कुठला सूर आहे ते माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा त्याची गरजही वाटली नव्हती.

गरज वाटली आमच्या गुरुवारच्या भजनात. बाबा तिथे पेटी वाजवतात, गेली तीसेक वर्षं. मी पहिल्यांदाच गिटार घेऊन त्यांच्या शेजारी बसले होते, घरी सगळं बसवून गेलेले. गाणाऱ्या काकू आल्या आणि म्हणाल्या आज घसा बसलाय हो, जरा खाली घेऊया, काळी दोन घ्या. बाबांचा हात पेटीवर एका क्षणात काळी दोनवर, म्हणजे सप्तकातल्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर गेला. आणि माझा हात हवेतच. काळी दोन माझ्या गिटारवर कुठे राहते हेच मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी टाळ वाजवले. काकूंनी नंतर पाठीवरून हात फिरवला पण मला ते फार लागलं, कारण पेटी मी लहानपणापासून ऐकत आले आहे, सूर मला कानाने कळतो, काळी दोन कशी वाजते ते मनात ऐकू येत होतं, फक्त ह्या लाकडाच्या पट्टीवर तिचा पत्ता ठाऊक नव्हता.

मग ठरवलं की आता फ्रेटबोर्ड, म्हणजे ती लाकडाची पट्टी, पाठ करायचा.

पहिल्यांदा सगळ्यांसारखं केलं, एक चार्ट प्रिंट करून फ्रिजवर चिकटवला. सहा तारा, बारा फ्रेट (पट्टीवरच्या धातूच्या आडव्या काड्या), ७२ चौकोन, प्रत्येकात एक अक्षर. पोळ्या लाटताना बघायचे, चहा उकळेपर्यंत बघायचे. तीन आठवड्यांनी चार्ट तोंडपाठ होता, म्हणजे डोळे मिटले की दिसायचा, पण गिटार हातात घेतली की काही उपयोग नाही, कारण मला तो कागद आठवायचा आणि मग त्या कागदावरून गिटारवर यायचं म्हणजे दुप्पट काम. शिवाय चार्टमध्ये जाडी तार सगळ्यात खाली काढतात आणि मांडीवर गिटार घेतली की जाडी तार आपल्याला सगळ्यात वर दिसते. चार्ट चुकीचा नसतो, पण त्याला आवाज नसतो, आणि सुराचं नाव आवाजाशिवाय पाठ केलं तर ते फोन नंबरसारखं पाठ होतं. माझं हे मत आता पक्कं झालंय.

सुटका बाबांमुळे झाली. एका रविवारी ते माझ्याकडे आले होते, मी बोट ठेवून पुटपुटत होते, ई, एफ, एफ शार्प, जी. बाबांनी विचारलं, "हे एफ म्हणजे आपलं काय?" मी म्हटलं बाबा, सी म्हणजे पांढरी एक, तिथून पुढे तुम्हीच मोजा. त्यांनी बोटांवर मोजलं, सी पांढरी एक, डी पांढरी दोन, ई पांढरी तीन, एफ पांढरी चार, जी पाच, ए सहा, बी सात. आणि काळ्या पाच, त्यांची शार्प नावं. मग म्हणाले, "अगं मग ही पेटीच आहे की. प्रत्येक तारेवर एकेक पेटी आडवी घातलीय, फक्त काळ्या पांढऱ्या रंगवलेल्या नाहीत."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. कारण तोपर्यंत एक गोष्ट मला सारखी अडायची, की सगळ्या सुरांमध्ये एक फ्रेट सोडून पुढचा सूर येतो, पण ई नंतर लगेच एफ आणि बी नंतर लगेच सी, मध्ये काही नाही. पुस्तकात नियम म्हणून लिहिलेलं असतं, पाठ करा. पण पेटी डोळ्यासमोर आणली की नियम लागतच नाही, पांढरी तीन आणि पांढरी चारच्या मध्ये काळी नसतेच, आणि पांढरी सात आणि पुढच्या पांढरी एकच्या मध्येही नसते. हे मी वयाच्या पाचव्या वर्षापासून बघत आलेय! फक्त ते आणि हे एकच आहे असं कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांच्या घरात पेटी आहे, निदान जे पेटी बघत मोठे झालेत, त्यांनी इथूनच सुरुवात करावी असं मला अगदी मनापासून वाटतं. फ्रेट म्हणजे सतारीचा पडदाच, फक्त सतारीचे पडदे सरकवता येतात आणि गिटारचे ठोकून बसवलेले, आणि एक फ्रेट पुढे गेलं की पेटीवर लगेच शेजारची पट्टी, मग ती काळी असो की पांढरी. बस.

मोकळ्या तारांची नावं मात्र पाठच करावी लागतात. जाड्या तारेपासून बारीक तारेपर्यंत ई ए डी जी बी ई. इंग्रजीत ह्यासाठी वाक्यं आहेत पण माझ्या तोंडात ती बसेनात, मग लेकीने फोनवर एक बनवून दिलं, ईशा आली डबा घेऊन बसली इथे. घ म्हणजे जी, तेवढं चालवून घ्यायचं. आता विसरणं शक्य नाही.

मग बाबांचा आणि माझा रविवारचा एक नेमच झाला. ते पेटी घेऊन बसतात, भाता मारून एक सूर धरतात आणि म्हणतात, पांढरी पाच कुठे आहे सांग. मी जाड्या तारेपासून सुरू करते, सहावी तार तिसरी फ्रेट, पाचवी तार दहावी, चौथीवर पाचवी, तिसरी तर मोकळीच, दुसरीवर आठवी, पहिलीवर परत तिसरी. प्रत्येक ठिकाणी वाजवायचं, तोंडाने "जी" म्हणत तोच सूर लावायचा, आणि पेटीशी जुळला की पुढे. हे तोंडाने गाणं फार महत्त्वाचं आहे, बोटाने जागा शोधली आणि गळ्याने सूर लावला की नाव, जागा आणि आवाज तिन्ही एकाच वेळी आत जातात. नुसत्या बोटाने केलेलं माझं दुसऱ्या दिवशी अर्धं उडून जायचं.

ह्यात एक हिशोब लक्षात आला आणि खूप धीर आला. प्रत्येक तारेवर बारा फ्रेटच्या आत प्रत्येक सूर एकदाच येतो, म्हणजे एका नावाच्या जागा फक्त सहा. त्यातही सहावी आणि पहिली तार दोन्ही ई, तर त्यांच्यावरच्या जागा अगदी सारख्या, म्हणजे खऱ्या शिकायच्या पाचच. आणि पांढरे सूर सात, पाच साते पस्तीस. काळ्या वेगळ्या पाठ कराव्या लागतच नाहीत, पांढरी कळली की तिच्या शेजारी काळी असतेच. ७२ चौकोन बघून जी छाती दडपली होती ती इथे मोकळी झाली. मी आठवड्याला एक सूर घेतला. एकच. रोज दहा मिनिटं, फोनमध्ये मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून, चार ठोक्यांना एक जागा, मग दोन ठोक्यांना, मग प्रत्येक ठोक्याला. पहिला आठवडा जी, दुसरा सी, मग ए. जास्त घाई केली त्या आठवड्यात आधीचाही गोंधळ झाला, त्यामुळे एकावर आठवडाभर राहणंच बरं.

जागा शोधायला एक आकार फार उपयोगी पडला. सहाव्या तारेवर कुठलाही सूर घ्या, मधली एक तार सोडा, चौथ्या तारेवर दोन फ्रेट पुढे गेलं की तोच सूर वरच्या सप्तकात. पाचवीवरून तिसरीवर पण तसंच, दोन पुढे. पण चौथीवरून दुसरीवर जाताना आणि तिसरीवरून पहिलीवर जाताना तीन पुढे. म्हणजे जी बघा, सहावीवर ३, चौथीवर ५, दुसरीवर ८. सी बघा, पाचवीवर ३, तिसरीवर ५, पहिलीवर ८. म्हणून सहावी आणि पाचवी ह्या दोन जाड्या तारा नीट पाठ केल्या की बाकी तारांवर तुम्ही उडी मारून जाऊ शकता.

हे दोनचं तीन का होतं ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं आणि न कळता पाठ करायला मन तयार होत नाही. कारण तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेमध्ये आहे. बाकी सगळ्या शेजारच्या तारांमध्ये पाच फ्रेटचं अंतर, म्हणून तर पाचव्या फ्रेटवर बोट ठेवून पुढची तार जुळवतात, पण जी आणि बी मध्ये चारच. सगळीकडे पाच ठेवलं असतं तर तारा ई ए डी जी सी एफ अशा झाल्या असत्या, दोन टोकाच्या तारा ई आणि एफ, एकमेकींशी भांडणाऱ्या, आणि आपण जे साधे मोकळ्या तारांचे कॉर्ड धरतो ते बोटात बसलेच नसते. एका ठिकाणी एक पायरी कमी करून कुणीतरी हाताची सोय बघितलीय. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, वाद्य बनवणारा वाजवणारा असला पाहिजे.

आणखी एक गोष्ट मी स्वतः शोधली आणि त्याचा मला खूप आनंद झाला, कुठे वाचली नव्हती. पाचव्या फ्रेटवर जाडीपासून बारीककडे या, ए डी जी सी ई ए, सगळे पांढरे. दहाव्यावर या, डी जी सी एफ ए डी, सगळे पांढरे. बाराव्यावर अर्थातच परत मोकळ्या तारांची नावं, तीही पांढरी. म्हणजे रस्त्यात हे तीन मैलाचे दगड आहेत, कुठेही हरवलं की ह्यातल्या जवळच्या दगडावर यायचं आणि एक दोन पावलं मागे पुढे मोजायची. नववी फ्रेट विचारली की मी अजूनही दहाव्यावरून एक मागे येते, आणि त्यात मला काही वाईट वाटत नाही.

बारावी फ्रेट तर बाबांना फारच आवडली. त्यांनी टेप आणून मोजलं, वरच्या खाचेपासून खालच्या ब्रिजपर्यंत माझ्या गिटारची तार साधारण ६५ सेंटिमीटर, आणि बारावी फ्रेट साडेबत्तीसवर, बरोबर मध्यावर. तार अर्धी केली की तोच सूर दुप्पट कंपनांनी, वरच्या सप्तकात. पाचवी तार मोकळी ११० वेळा कंप पावते सेकंदाला, बाराव्यावर २२०. आणि म्हणूनच फ्रेट पुढे पुढे जवळ येत जातात, माझ्या गिटारवर पहिलं घर साडेतीन सेंटिमीटरच्या थोडं वर, आणि बाराव्याच्या पुढचं त्याच्या निम्मं. पेटीवर पांढऱ्या पट्ट्या सगळ्या सारख्या रुंदीच्या, त्यामुळे हे तिथे कधी दिसत नाही. बाबा सत्तरी ओलांडलेले, टेप हातात धरून ते बराच वेळ गिटारकडे बघत राहिले.

एक गोंधळ सांगते, जो आमच्या दोघांत रोज व्हायचा. बाबा म्हणायचे "वरचा सा घे", आणि माझा हात वरच्या तारेकडे जायचा, जी खरं तर जाडी, सगळ्यात खालच्या सुराची. आवाजात वर म्हणजे गिटारवर खाली, जमिनीच्या बाजूला. आणि पहिली तार म्हणजे बारीक तार. शेवटी आम्ही वर खाली हे शब्दच बंद केले, फक्त जाडी आणि बारीक म्हणायचं. आणि फ्रेटसाठी पुढे म्हणजे पोटाकडे, मागे म्हणजे खुंट्यांकडे. कुणाला शिकवत असाल तर पहिल्या दिवशीच हे ठरवून टाका.

दुसरी अडचण पेटीची. पेटी जुनी, बाबांच्या लग्नाआधीची, आणि ती आजच्या ट्युनरपेक्षा, म्हणजे सूर मोजणाऱ्या अॅपपेक्षा, थोडी चढी आहे. मी फोनवर गिटार अगदी काटेकोर जुळवून बसायचे आणि पेटीबरोबर वाजवलं की सूर थरथरायचा, वँव वँव असा, मला वाटायचं माझंच बोट चुकतंय. मग पेटीची पांढरी सहा ट्युनरवर बघितली तर सेकंदाला ४४० कंपनांच्या ऐवजी ४४५ च्या जवळ. दोन लागून असलेल्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या साधारण पाचव्या भागाइतका फरक, पण कानाला लगेच टोचतो. पेटीच्या रीड घासून सूर बदलणं कारागिराचं काम, गिटारच्या खुंट्या पिळणं माझं, त्यामुळे रविवारी गिटार पेटीच्या सुरात. बऱ्याच ट्युनर अॅपमध्ये हा ४४० चा आकडा बदलता येतो, मी तो ४४५ करून ठेवलाय.

पेटीवर एका सुराला एकच जागा असते, गिटारवर तसं नाही, आणि हे मला सगळ्यात सुंदर वाटतं. पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी एक घ्या. ती गिटारवर दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर आहे. तीच, अगदी तीच, तिसऱ्या तारेच्या पाचव्यावर आहे, चौथ्या तारेच्या दहाव्यावर आहे आणि बोट पोचलं तर पाचव्या तारेच्या पंधराव्यावर. उंची एकच पण आवाज वेगळा, बारीक तारेवर चकचकीत, जाड्या तारेवर भरलेला, थोडा घशातला. बाबा डोळे मिटून बसतात आणि मी चार ठिकाणी वाजवते, ते सांगतात, ही जाडी, ही मधली. एकदाही चुकले नाहीत.

आता सा बद्दल. आपल्याकडे सा सरकतो. काकूंचा सा आज काळी दोन तर उद्या काळी चार. सी मात्र जागचा हलत नाही. सुरुवातीला मी मनातल्या मनात सी लाच सा म्हणायचे, आणि पट्टी बदलली की सगळं कोसळायचं. दोन वेगळी नावं आहेत हे डोक्यात बसवायला वेळ लागला, सी डी ई हे घराचे नंबर आणि सा रे ग ही नाती. घर नंबर तोच राहतो, नातं तुम्ही कुणाच्या घरात उभे आहात त्यावर. आणि इथे गिटार पेटीपेक्षा सोपी पडते हे बाबांनीच कबूल केलं. पेटीवर काळी दोनचा सा धरला की काळ्या पांढऱ्यांची बोटं सगळी बदलतात, गिटारवर मोकळ्या तारा टाळल्या तर सा रे ग मचा आकार तोच राहतो, सगळा हात उचलून पुढे मागे न्यायचा. फक्त सा कुठे ठेवायचा ते माहीत पाहिजे. पाचवी तार, सहावी फ्रेट, काळी दोन. पांढरी चार हवी, आठवी फ्रेट. आकार तोच. हे कळलं तेव्हा मी त्या आकारात एकच भजन सहा वेगवेगळ्या पट्टीत वाजवलं आणि बाबा पेटी बंद करून ऐकत होते.

कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा, लावून पण पट्टी बदलता येते आणि मी लावतेही, साथीला सोपं पडतं. पण कॅपो लावायचा कुठल्या फ्रेटवर हे सांगायलाही सूर माहीत लागतो, सी चे आकार धरून काळी दोन हवी तर तिसऱ्यावर.

मागच्या महिन्यात परत गुरुवारी गिटार घेऊन गेले. काकूंनी काळी एक सांगितली. पाचवी तार, चौथी फ्रेट. बाबांनी पेटीवरून माझ्याकडे बघितलं पण बोलले काही नाहीत, भाता मारला. दोन भजनं पूर्ण साथ केली, तिसऱ्यात एका ठिकाणी चौथ्या तारेवर चुकले. चौथी आणि तिसरी तार माझ्या अजून कच्च्या आहेत, सातव्या फ्रेटच्या पुढे तिथे मला क्षणभर थांबावं लागतं.

त्यामुळे ह्या आठवड्यात एफ चालू आहे, पांढरी चार. सहावीवर १, पाचवीवर ८, चौथीवर ३, तिसरीवर १०, दुसरीवर ६, पहिलीवर १. दुसऱ्या तारेवरची सहावी अजून हाताला सापडत नाहीये. बाबा रविवारी येणार आहेत, लेकही येतेय ह्या वेळी, तिला तिची गिटार हवीय का ते विचारायचंय.